जागा गेली नव्हती, त्याची हकीकत

जो गणपती दाराच्या चौकटीवर बसतो आणि आत येणाराचे आडनाव विचारीत नाही, त्यास प्रथम नमन. जी सरस्वती बुवांच्या कंठी बसोन पेंगणाऱ्या श्रोत्यांस सावध करिते, तीस दुसरे नमन. आणि मग श्रोते हो, तुम्हांस नमन. जवळ सरा. खांबाआड बसलेल्यांनी पुढे यावे, सतरंजी थोर आहे, येथे कोणास ना नाही. एक कथा सांगतो, ती ऐकोन घरी जाल तेव्हां आपल्याच दाराची कडी वेगळी वाजेल. कीर्तनात जैसा आधी पूर्वरंग होतो आणि मग आख्यान लागते, तैसेच येथेही होईल. परंतु पूर्वरंग लांबविणार नाही, कारण लांब पूर्वरंगात लोक चपला शोधू लागतात, हे पुष्कळ कीर्तने ऐकोन आम्हांस ठाऊक आहे.

शालिवाहन शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु त्यात जे कार्य जाहले ते क्रोधाचे नव्हे, निर्धाराचे. एक राज्य होते आणि त्या राज्यात एक नगरी होती. तिचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले कीं दुसऱ्या नगरीचे लोक म्हणतील, आमच्याकडे ऐसे नाही. इमारती ऐशा उंच कीं जणू गडच, आणि प्रत्येक गडास तट, तटास दरवाजा, दरवाजावर शिट्टीवाला पहारेकरी, आणि आत एक किल्लेदार, ज्यास तेथील भाषेत सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत. राजाज्ञा ऐसी होती कीं, भाड्याने जागा मागावयास येणारास जातीवरोन, धर्मावरोन अथवा ताटातल्या अन्नावरोन नाही म्हणू नये. आणि ती आज्ञा कोणी मोडीत नसे. म्हणजे ऐसे कीं, 'नाही' कोणीच म्हणत नसे. परंतु त्या नगरीतील जागांस पाय होते. सकाळी जागा आपली स्वस्थ पडलेली असे, भिंतीस नवा रंग, खिडक्या सताड उघड्या, आणि दलाल शपथेवर सांगे कीं रिकामी आहे; मग कोणी येऊन आपले आडनाव सांगावे, आणि आडनाव कानी पडताच जागा उठोन चालती होई, आणि किल्लेदार हळहळोन म्हणत, 'अरेरे, जागा गेली हो!' कोठे गेली हे कोणी पाहिले नाही. वडारांचा मुलगा मास्तर होऊन आला, जागा गेली. एकटी मुलगी बँकेत नोकरीस लागोन आली, जागा गेली. सुकट खाणारा आला, तर जागा वास सुटण्याआधीच गेली. आणि आडनावावरोन नीट उमज न पडल्यास किल्लेदार गोड हसोन पुसत, 'तुम्ही आपल्यातलेच ना?' हा 'आपल्यातले' शब्द मोठा मायाळू दिसतो, परंतु त्याने जितके दरवाजे बंद केले तितके कुलपांनी केले नसतील.

या उपद्रवाशी झुंजावयास त्या नगरीत एक मंडळी उभी राहिली होती, तीस उंबरा मंडळी म्हणत. खजिना बेताचा, फौज त्याहून बेताची. कचेरी पिठाच्या गिरणीच्या माडीवर, म्हणोन मसलत चालली असता जमिनीस कंप होई आणि सर्वांचे केसांवर पांढरी धूळ बसोन तरुणही वृद्ध दिसत. मंडळीच्या मुख्य राजश्री अनसूयाबाई कोठावळे. या पूर्वी शाळेत मुलांस कवायत शिकवीत, आणि त्यांनी 'सावधान' म्हटले कीं खालची गिरणीही क्षणभर थांबल्याचा भास होई. मंडळीची युद्धरीत निराळी. ज्यास 'जागा गेली' म्हणोन परत लाविले, त्याचे मागोमाग त्यांनी दुसरा माणूस त्याच दारी पाठवावा. मिळकत तैसीच, कुटुंब तैसेच, गरज तैसीच, फक्त आडनाव वेगळे. ऐशा माणसास ते जोडमाणूस म्हणत. मग जी जागा पहिल्यासमोरोन पळाली, ती दुसऱ्यासमोर शेपूट हालवीत परत आली तर लबाडी उघड होई, आणि जोडमाणसाने न्यायसभेत जाऊन डोळ्यांदेखतचे सांगावे, इतकेच शस्त्र. मंडळीच्या पदरी सर्वांत नामांकित जोडमाणूस म्हणजे राजश्री भास्करपंत देवस्थळी. नोकरीतून निवृत्त, स्वभाव गायीचा, कीर्तनाचे ऐसे वेडे कीं बुवांचे मागे झांजा धरोन उभे राहत आणि आख्यानात सीतेस वनवास आला कीं ताल सोडोन रडत. त्यांचे आडनाव म्हणजे नगरीतील समस्त कुलपांची किल्ली. परंतु एक अडचण. पंतांस खोटे बोलता येत नसे. म्हणोन अनसूयाबाईंनी त्यांस शिकविले होते, "पंत, तुम्ही जागा पाहायला आलो एवढंच म्हणा. पाहायला तर येताच ना?" आणि पंत तितकेच म्हणत, आणि पुढचे सर्व किल्लेदार आपण होऊन बोलत.

आता आख्यान. त्या नगरीत थोरले इस्पितळ, आणि तेथे जैबुन्निसा मुलाणी नावाची परिचारिका होती, लोक तीस जैबू सिस्टर म्हणत. साताऱ्याकडील एका गावाची, बोलणे खणखणीत, हात मऊ. तिची आई हलिमाबी. तिची मूत्रपिंडे थकली होती, म्हणोन दर दोन दिवसांआड इस्पितळात नेऊन यंत्रावर रक्त धुवोन आणावे लागे, ज्यास डायलिसिस म्हणतात. एक खेप चुकली तर अंगावर सूज, दुसरी चुकली तर जीवावर बेतणे. आणि राहावयाचे ते नगरीच्या पैल टोकास, तिसऱ्या मजल्यावर, जिना ऐसा अरुंद कीं दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने देवाचे नाव घेऊन मागे फिरावे. हलिमाबींचे गुडघे चालत नसत. दोघे शेजारी भाऊ त्यांस प्लास्टिकच्या खुर्चीत बसवोन उचलोन खाली नेत आणि वर आणीत. ते भाऊ पौष संपता परमुलखी कामावर जाणार ऐसे ठरले, आणि जैबूस उमजले कीं त्यापूर्वी तळमजल्याची जागा मिळाली नाही तर आई जिन्यातच अडकेल.

इस्पितळाचे बरोबर समोर संतकृपा नावाचा गड, आणि त्यात तळमजल्यास दोन खोल्या रिकाम्या, ऐसे दलालाने सांगितले. मग जैबू ड्यूटी संपवोन, पांढरा गणवेश तैसाच अंगी, संतकृपाचे दरवाजाशी गेली. किल्लेदार राजश्री खांबेटे स्वतः सामोरे आले. गणवेश पाहोन प्रसन्न जाहले आणि म्हणाले, "या या सिस्टर, इस्पितळाचं माणूस म्हणजे सोसायटीचं भाग्य. नाव काय म्हणालात?"

"जैबू."

"जयू का? वा. माझ्या भाचीचं नाव."

"जयू नाही, जैबुन्निसा. मुलाणी."

तेव्हां खांबेट्यांनी वर आभाळाकडे पाहिले, मग हातातील फोनाकडे पाहिले, फोन वाजलाही नव्हता, आणि म्हणाले, "अरेरे. जागा गेली हो."

"कधी?"

"हे आत्ताच."

"मी तर दारातच उभी आहे काका," जैबू बोलली. "माझ्यासमोरून तर नाही गेली."

खांबेट्यांनी हात जोडिले, कारण ते अत्यंत सभ्य गृहस्थ. आणि पहारेकऱ्याने दरवाजा लोटिला. मग जैबू तेथोन निघोन रडत घरी गेली नाही, तर विचारीत विचारीत पिठाच्या गिरणीवर गेली आणि अनसूयाबाईंपुढे उभी राहोन म्हणाली, "मला दया नको. मला तीच जागा पाहिजे." अनसूयाबाईंनी तीस आपादमस्तक पाहिले आणि बोलिल्या, "बस. चहा घे. आजपासून तुझी आई ती आमची आई." आणि लागलीच पंतांस पाचारण केले.

पंतांचे घरीही थोरली बहीण, गुडघ्यांनी अधू, तीस तळमजला हवा हे अक्षरशः खरे. म्हणोन स्वारी निर्धास्त निघाली. आणि संतकृपाचे दरवाजाशी येताच काय चमत्कार, कीं जी जागा गेली होती ती परत आली! खांबेटे कीर्तनात पुढच्या रांगेस बसणारे, त्यांनी पंतांस झांजांवरोन ओळखिले, गळामिठी दिधली, आणि आडनाव ऐकोन पुसिले, "म्हणजे आपल्यातलेच!" पंतांनी सवयीप्रमाणे उत्तर केले, "सगळे आपल्यातलेच." खांबेट्यांस तो विनोद वाटला आणि ते पोटभर हासले. मग कुलूप काढोन दोन्ही खोल्या दाखविल्या, नळ सोडोन दाखविला, आणि आपण होऊन म्हणाले, "कालच एक नर्स आली होती. बाई चांगली होती हो, पण आडनाव ऐकलं आणि सांगितलं, जागा गेली. काय करणार, चार लोकांत राहायचं." इतके तोंडावाटे आले कीं मंडळीचे काम फत्ते, पंतांनी तेथोन निघावे. परंतु खांबेटेवहिनींनी आतून आग्रह केला, आणि कांदेपोह्यांची बशी पुढे आली, वर खोबरे, कोथिंबीर, आणि पंतांनी ती रिकामी केली. येथेच घात जाहला.

गिरणीवर सर्व वाट पाहत होते. पंत आले, घडले ते यथास्थित सांगितले, अनसूयाबाईंनी टाळी वाजविली आणि म्हणाल्या, "शाब्बास पंत! आता न्यायसभेत एवढंच सांगायचं." तेव्हां पंत खाली पाहोन बोलिले, "तेवढं मात्र होणार नाही."

"का?"

"मी त्यांच्याकडे पोहे खाल्ले."

"मग?"

"मीठ खाल्लं त्यांचं. खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. ज्यांच्या घरचं खाल्लं त्यांच्याविरुद्ध सभेत उभं राहू कसा?"

अनसूयाबाईंचा स्वर ऐसा चढला कीं गिरणीवाला वर येऊन पाहोन गेला. "अहो पंत, पोह्यांत चवीपुरतं मीठ घालतात, जन्मभराचं नाही! उद्या कुणी तुम्हांला सरबत पाजून अख्खं शहर लुटेल आणि तुम्ही झांजा वाजवत बसाल!" पंत हलले नाहीत. नम्र माणसाचा हट्ट मोठा कठीण, त्यास धरावयास कोपराच सापडत नाही. दुसरा जोडमाणूस पाठवावा तर खांबेट्यांनी जागा पंतांचे नावे राखोन ठेविली होती, आणि दुसऱ्यास दाखविणार नव्हते. तेव्हां कामच अडले. मग इतका वेळ कोपऱ्यात बसलेली जैबू उठली आणि म्हणाली, "काका, साक्ष राहू द्या. उद्या आमच्याकडे जेवायला या. दुपारी, आईला घेऊन येते त्या वेळेला." आणि पंतांस कोणी जेवावयास बोलाविले आणि ते गेले नाहीत ऐसे कधी घडले नव्हते.

दुसरे दिवशी पंत त्या जिन्याखाली पोहोचले तो खुर्ची वर चालली होती. एक भाऊ पुढे, एक मागे, आणि मध्ये हलिमाबी, डोळे मिटलेले, आणि पदराने आपणांस खुर्चीच्या पाठीस बांधोन घेतलेले, कीं वळणावर खुर्ची कलली तर आपण घसरू नये. वळणावर खुर्ची कललीच. पंत धावोन गेले आणि त्यांनी एक पाय हाती धरिला, खुर्चीचा कीं बाईंचा हे त्यांस स्वतःस कळले नाही, आणि तैसेच धापा टाकीत तिसऱ्या मजल्यास गेले. वर जाऊन हलिमाबींनी गाठ सोडिली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या दादा, बसा. पयल्याच दिवशी वजं उचलाय लावलं तुमास्नी." मग जैबूने ताट मांडिले, भाकरी आणि दोडक्याची भाजी. पंतांनी घास घेतला आणि थबकले. भाजीत मिठाचा कणही नव्हता.

"आळणी लागतंय न्हवं?" हलिमाबी हासल्या. "डागतरनं मीठ बंद केलंय मला, तवापास्नं घरातच आणत न्हाई. पोरगीबी तसंच खाती. जैबू सांगत हुती तुमचं, कुणाचं मीठ खाल्लं की जीभ बांधली जाती म्हणून. तर आमच्याकडं बांधाय मीठच न्हाई, दादा. खावा पोटभर आणि मोकळं जावा. साक्ष द्या न्हाईतर नका दिऊ, आमचं काय तुमच्यावर न्हाई."

श्रोते हो, मोठमोठ्या बुवांची निरूपणे ऐकिली, परंतु पंत सांगत कीं त्या आळणी भाजीसारखे निरूपण ऐकिले नाही. त्यांचे डोळे भरोन आले आणि थेंब ओघळो लागले. तेव्हां हलिमाबी घाईने बोलिल्या, "आवं, भांडं बाजूला घ्या! त्यातलीच भाजी मला खायाचीय, आन् खारट चालत न्हाई मला." मग रडत रडत पंत हासले, आणि जैबू हासली, आणि भाजीचे भांडे वाचले.

तेथोन निघाले ते पंत घरी गेले नाहीत, रस्त्यावर येरझारा घालीत राहिले आणि मनाशी विचार करीत राहिले. मिठास जागावे हे खरे. परंतु जागावे म्हणजे काय? ज्याचे अन्न खाल्ले तो खड्ड्याकडे चालला असता आपण तोंडात पोहे धरोन गप्प राहावे, हे जागणे नव्हे, हे निजणे. मग त्यांनी निश्चय केला कीं साक्ष द्यावयाची, परंतु पाठीमागोन नाही. आधी खांबेट्यांचे घरी जाऊन तोंडावर सांगावयाचे, मग सभेत. आणि अनसूयाबाईंस न पुसता सकाळीच संतकृपावर गेले.

खांबेट्यांचे दिवाणखान्यात त्या वेळी आणिक एक जण बसल्या होत्या, गंगाभागीरथी मथुराबाई पोतनीस. श्रोत्यांनी हे ध्यानी धरावे कीं तळमजल्याच्या त्या दोन खोल्यांच्या मालकीण याच. राहावयास वरच्या मजल्यावर, एकट्या, वृद्ध, भजनात आवाज गोड. खोल्यांची किल्ली विश्वासाने खांबेट्यांकडे दिधली होती. आणि खांबेटे त्यांस म्हणत, "मथुराकाकू, कोणी येतच नाही हो जागेला. दिवस वाईट." तेच पुन्हा पुसावयास त्या आल्या होत्या. पंतांनी नमस्कार केला आणि उभ्यानेच बोलिले, "खांबेटे, तुमचे पोहे खाल्ले म्हणून आधी तुम्हांला सांगतो. मी जागा घ्यायला आलो नव्हतो, उंबरा मंडळीकडून पाहायला आलो होतो. त्या नर्सबाईंना तुम्ही जागा गेली म्हणालात आणि मला तीच जागा उघडून दाखवलीत, हे मी न्यायसभेत सांगणार आहे. अजून वेळ आहे. तिला बोलवा आणि किल्ली द्या, म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

खांबेट्यांचा चेहरा उतरला. "पंत, तुम्ही आपल्यातले असून असं करता?"

"आपल्यातला म्हणून तर घरी येऊन सांगतो," पंत म्हणाले. "परका असतो तर थेट सभेत सांगितलं असतं."

मथुराबाईंनी पदर सावरला, उठल्या आणि निघोन गेल्या. खांबेट्यांस वाटले, म्हातारीस ऐकू कमी येते.

गिरणीवर हे कळले तेव्हां अनसूयाबाई कपाळावर हात मारोन म्हणाल्या, "पंत, शत्रूला आपल्या तोफेचा मोर्चा दाखवून आलात! आता तो जागा खरोखरीच घालवील." आणि तैसेच जाहले. त्याच दिवशी खांबेट्यांचे मेहुण्यांचा सोफा, आरसा लाविलेले कपाट, लोखंडी पलंग ऐसा सरंजाम त्या दोन खोल्यांत येऊन पडला आणि दारास नवे कुलूप लागले. इकडे पौष निम्मा सरला. परंतु जैबू डगमगली नाही. अनसूयाबाईंनी पुसिले, "दुसरीकडे पाहायचं का ग?" तेव्हां म्हणाली, "दुसरीकडे पण हेच म्हणतील बाई. कुठंतरी एकदा थांबून विचारलंच पाहिजे, जागा गेली तर गेली कुठं?" मग मंडळीने न्यायसभेत दाद मागितली.

न्यायसभेचा दिवस उजाडला. न्यायाधीश बाई गंभीर, वचन मोजके. एकीकडे खांबेटे आणि त्यांचे वकील, दुसरीकडे मंडळी, आणि मध्ये चाकांच्या खुर्चीत हलिमाबी, ज्या त्या दिवशी इस्पितळातोन परस्पर आल्या होत्या. खांबेट्यांनी शपथेवर सांगितले कीं जागा त्याच वेळी मेहुण्यांस दिधली होती, आजही त्यांच्याकडे आहे.

न्यायाधीश बाईंनी पुसिले, "मेहुणे राहतात तिथे?"

"त्यांचं सामान राहतं."

"काय काय?"

"सोफा आहे. पलंग आहे."

"म्हणजे सोफा भाडेकरू आहे," बाई म्हणाल्या, आणि हासल्या मात्र नाहीत.

मग पंत उभे राहिले आणि पाहिले ते, ऐकिले ते, जैसेच्या तैसे सांगितले. वकील मोठे पटाईत, त्यांनी पुसिले, "आपण माझ्या अशिलाच्या घरी पोहे खाल्लेत, खरं?"

"खरं. चांगले होते. लिंबू थोडं कमी होतं."

"आणि खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

"वासे नाही मोजले हो," पंत बोलिले, "वाशाला वाळवी लागली ती दाखवली. आधी त्यांना दाखवली, मग इथे आलो." परंतु वकील म्हणाले कीं हा एकाच माणसाचा शब्द, तोही मंडळीचा, आणि जागेत सामान असल्याचे तर कोणीही पाहोन येईल. आणि सभेचा कल तिकडे झुकताना दिसला, कारण जागा खरेच भरलेली होती. जैबूने आईचा हात धरिला. हलिमाबी हळूच म्हणाल्या, "घाबरू नगं. न्हाई तर न्हाई, जिना हायच."

इतक्यात दाराशी गलबला जाहला. मथुराबाई पोतनीस, पायात सपाता, हाती पिशवी, एकट्याच रिक्षा करोन आल्या होत्या, दारातोनच आतले सर्व ऐकत होत्या आणि शिपाई त्यांस अडवीत होता. "अरे, माझ्या जागेबद्दल बोलताहेत आत आणि मलाच बाहेर ठेवतोस?" मग न्यायाधीश बाईंनी आत घेण्यास सांगितले, आणि मथुराबाई उभ्या राहोन बोलिल्या, "बाई, जागा माझी. ती कुठं गेली नाही. मला सांगितलं, कोणी येत नाही. मग पंत म्हणाले, नर्स आली होती. तेव्हा कळलं, येतात लोक, यांच्या तोंडापर्यंत येतात आणि परत जातात. मेहुण्यांना मी जागा दिली नाही, मला कोणी विचारलं नाही. काल कुलूप फोडलं मी, सुताराला बोलावून. आणि त्या सोफ्यावर जाऊन बसले. दिवसभर बसले. भाडेकरू काही बोलला नाही." तेव्हां सभेत हशा पिकला, आणि खांबेटे म्हणाले, "काकू, तुम्हांला सोसायटीत राहायचंय ना?" मथुराबाईंनी त्यांजकडे वळोन पाहिले आणि म्हटले, "राहायचंय रे बाबा. म्हणून तर शेजार बघून ठेवतेय."

मग त्या जैबूकडे वळल्या. "तू मटण करतेस का ग?"

"करते, मावशी. आईला चालत नाही, मला आवडतं."

"मला वास सहन होत नाही. खिडकी लावून करशील का?"

"लावीन. पण तुमची हिंगाची फोडणी असेल तेव्हा तुम्ही लावाल?"

"मी नाही लावायची," मथुराबाई म्हणाल्या. "हिंग पोटाला चांगला." न्यायाधीश बाईंनी पाण्याचा पेला ओठांस लाविला आणि तो बराच वेळ तेथेच ठेविला.

निवाडा जाहला तो ऐसा: जागा जैबुन्निसा मुलाणी यांस त्याच दिवशी द्यावी, सोफा ज्याचा त्याने न्यावा, आणि यापुढे त्या नगरीत जो कोणी दाराशी आलेल्यास 'जागा गेली' म्हणेल, त्याने ती कोणाकडे गेली हे तेथेच सांगावे, न सांगता आल्यास दंड. हा निवाडा जाहला आणि नगरीतील जागांचे पाय एकाएकी दुखो लागले, पुष्कळ जागा जागच्या जागी राहिल्या. सर्वच राहिल्या ऐसे म्हणणे खोटे होईल. कित्येक किल्लेदारांनी नवे शब्द काढिले, 'रंगकाम चालू आहे', 'मुलगा परदेशातून येतोय', आणि उंबरा मंडळीनेही नवे जोडमाणूस तयार केले. पंतांस अनसूयाबाईंनी आज्ञा केली कीं यापुढे स्वारीवर जाताना पोटभर जेवोन जावे. जैबू आईस घेऊन तळमजल्यास आली, आणि हलिमाबी आपल्या हाती चाके फिरवीत रस्ता ओलांडोन इस्पितळात जाऊ लागल्या, कोणी मदतीस धावले तर म्हणत, "सोड रं, वाट दिसती मला."

इतके जाहले. उंबरा मंडळीने जागा मिळविली, पंतांनी मिठास कैसे जागावे ते दाखविले, जैबूने हट्ट सोडिला नाही, आणि खांबेटे आजही सेक्रेटरी आहेत, आणि हलिमाबींस दुरोन नमस्कार करितात, हेही लिहिले पाहिजे. आता श्रोत्यांस एकच मागणे. त्या सभेनंतर संतकृपाच्या भजनी मंडळाचे मथुराबाईंस बोलावणे येईनासे जाहले. कोणी भांडले नाही, कोणी वाईट बोलले नाही, फक्त बोलावणे आले नाही. आणि ज्या बाईने जन्मभर चार जणींत बसोन देवाचे नाव घेतले तीस ते फार लागले. जैबूने एकदा पुसिले, "मावशी, पस्तावलात का?" तेव्हां म्हणाल्या, "रडू येतं ग, पस्तावा नाही येत." आणि दिलेला शब्द त्यांनी परत घेतला नाही, एकट्याच खिडकीशी बसोन गात राहिल्या, आणि पुढील संवत्सरी कार्तिकात देवाघरी गेल्या. पंतांचे नाव गाजते, मंडळीचे सत्कार होतात, ते व्हावेत. परंतु या बाईंनी ज्यांच्यात उभा जन्म काढिला त्यांचेच समोर उभे राहोन खरे सांगितले, आणि त्यांचे नावे कोठे पाटी नाही. तर श्रोते हो, तुमचे दाराशी कोणी जागा मागावयास येईल आणि जिभेवर काही सभ्यसे उत्तर येऊ लागेल, तेव्हां बोलण्याआधी क्षणभर मथुराबाई पोतनीस यांस आठवावे.